विश्लेषण: बायकर्सच्या रॅलीला निघालात, पण रात्री मुक्काम कुठे? तंबू आणि हॉटेलचं गणित

दिवाळी संपून थंडीची चाहूल लागली की कोल्हापुरातल्या कुठल्याही बायकर ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर एक वाद हमखास सुरू होतो. एक म्हणतो, "तंबू टाकू की मस्त, लॉजवाल्याची भर कशाला करायची?" दुसऱ्याचं उत्तर तयार असतं, "दिवसभर गाडी हाणायची आणि रात्री दगडावर पाठ टेकायची? मला नाही जमायचं भावा, रूम बघ." तिसरा एक असतोच. तो म्हणतो, "राहायचं कशाला? रात्रीच परत येऊ. दोनशे किलोमीटर तर आहे."

वरवर बघता हा आवडीनिवडीचा आणि पैशांचा वाद वाटतो. पण त्यात कायदा आहे, कर आहे, हवामान आहे आणि जिवाचा प्रश्नही आहे. तो नीट समजून घेऊया.

हा प्रश्न कोल्हापूरकरांना का पडतो?

देशातल्या दोन मोठ्या मोटरसायकल मेळाव्यांशी कोल्हापूरच्या रायडर्सचं जवळचं नातं आहे. पहिला इंडिया बाइक वीक. हा मेळावा २०१३ मध्ये गोव्यात सुरू झाला. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, तो लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत भरला, नंतर पुन्हा गोव्यातल्या वागातोरला गेला. डिसेंबर २०२५ साठी मात्र आयोजकांनी पाचगणीची निवड केली. दुसरा रॉयल एनफिल्डचा मेळावा. पूर्वी त्याला 'रायडर मेनिया' म्हणत, २०२३ पासून त्याचं नाव 'मोटोवर्स' झालं. तो नोव्हेंबरमध्ये वागातोरला भरतो.

आता नकाशा बघा. उत्तरेला सातारा, वाई करत पाचगणी साधारण १७० किलोमीटर. दक्षिणेला गडहिंग्लज, आजरा, आंबोली, बांदा करत वागातोर दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर या दोन्हींच्या मधोमध आहे. दिल्ली किंवा बंगळुरूहून येणारा रायडर मुक्कामाचं नियोजन महिनाभर आधी करतो, कारण त्याला दुसरा पर्यायच नसतो. आपल्याकडे मात्र "चार-पाच तासांचा तर रस्ता आहे, बघू तिथं गेल्यावर" असं म्हणायची सोय आहे. आणि बहुतेक वेळा हीच सोय अंगाशी येते.

तंबू स्वस्त पडतो, हे खरं आहे का?

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं तर अंथरूणच विकत घ्यायचं आहे. उदाहरण म्हणून एक हिशेब मांडू.

समजा, दोघांसाठी एक तंबू, दोन स्लीपिंग बॅग आणि दोन मॅट मिळून १२ हजार रुपये खर्च झाला. एकाच रॅलीत दोन रात्री वापरून हे सामान माळ्यावर टाकलं, तर एका रात्रीचा खर्च पडला ६ हजार. त्याऐवजी ४ हजार रुपयांची खोली दोघांत घेतली असती, तर करासह ४,२०० रुपयांत काम झालं असतं. तेच सामान वर्षभरात तीन सहलींना मिळून सहा रात्री वापरलं, तर रात्रीचा खर्च दोन हजारांवर येतो आणि तंबू स्वस्त पडतो. त्यात कॅम्पसाइटचं भाडं मिळवावं लागतं, ते वेगळं.

थोडक्यात, वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्यासाठी तंबू विकत घेणं ही बचत नाही, हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण तिला बचतीचं नाव देऊ नये. पहिल्यांदाच जाणार असाल तर तंबू भाड्याने घेणं किंवा मित्राकडून मागून आणणं शहाणपणाचं.

जीएसटीचा फरक पडतो का?

पडतो, आणि इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी तो १२ टक्के होता. भाडं ७,५०० च्या वर गेलं की दर थेट १८ टक्के होतो.

म्हणजे ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते. तीच खोली ७,६०० ला लागली तर बिल होतं ८,९६८ रुपये. भाडं वाढलं फक्त शंभर रुपयांनी, खिशातून गेले जवळपास अकराशे जास्त. रॅलीच्या दिवसांत गर्दीमुळे भाडी वर चढतात, तेव्हा ही रेषा ओलांडली जाणं अवघड नसतं. त्यामुळे बुकिंग करताना आकडा करासकट विचारा.

दुसरी गोष्ट. जीएसटीच्या नियमांत हॉटेल, गेस्ट हाऊस आणि कॅम्पसाइट हे एकाच प्रकारात मोडतात. त्यामुळे "तंबूच तर आहे, त्यावर कसला टॅक्स" असं म्हणता येत नाही. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या होमस्टेवाल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. नोंदणी नसेल तर त्याला तुमच्याकडून कर घेता येत नाही. तीच खोली ॲपवरून बुक केली तर कर ॲपवाल्याकडून आकारला जातो. म्हणून गावातल्या घरगुती मुक्कामाला थेट फोन करून जाणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

मोकळी जागा दिसली की तंबू टाकता येतो का?

नाही. इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

गोव्याचं बघू. तिथं पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ चा कायदा आहे आणि तो नंतर कडक होत गेला. गोवा पर्यटन खात्याने २०२२ च्या आदेशात उघड्यावर स्वयंपाक करणं, उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं आणि किनाऱ्यावर गाडी चालवणं यांना मनाई केली आणि ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड ठेवला. किनाऱ्यावर तंबू, शेजारी गाडी, समोर पेटलेला स्टोव्ह आणि हातात बाटली, हा जो फोटो इन्स्टाग्रामवर बघून आपण निघतो, त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर दंड आहे.

पाचगणीची गोष्ट आणखी नाजूक आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर जानेवारी २००१ पासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या दख्खनच्या लाव्हा पठाराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. टेबललँडवर मनाला येईल तिथं तंबू ठोकणं आणि शेकोटी पेटवणं हा विषयच नाही. आयोजकांनी किंवा परवानाधारक व्यावसायिकाने आखून दिलेली जागा असेल, तरच कॅम्पिंगचा विचार करावा.

वाटेत मुक्काम करू म्हणणाऱ्यांसाठीही हेच. राधानगरी हे अभयारण्य आहे, तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग. आंबोलीच्या आसपासचं बरंचसं जंगल वनखात्याच्या ताब्यात आहे. खासगी शेतात तंबू टाकायचा असेल तर मालकाची परवानगी हवीच, आणि ती तोंडी असण्यापेक्षा मोबाइलवर मेसेजच्या रूपात असलेली बरी.

परवानगीचा मुद्दा फक्त कागदाचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ एका खासगी रिसॉर्टच्या तंबूत मुक्कामाला आलेल्या महिला पर्यटकाचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. आजरा आणि चंदगड तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना हत्ती काय असतो ते वेगळं सांगायला नको. "इथं कोण येतंय" म्हणत जंगलाच्या कडेला तंबू टाकणाऱ्याने आधी गावात चौकशी करावी.

मग हॉटेल म्हणजे निर्धास्त?

तसंही नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. हडफडे वागातोरपासून काही किलोमीटरवर आहे. ते हॉटेल नव्हतं, नाइटक्लब होता. पण भिंत आणि छप्पर आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे, ही समजूत किती महागात पडते हे त्या रात्री दिसलं. खोलीत पाय ठेवल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे हे बघायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट द्यावा.

थंडीच्या ठिकाणी आणखी एक धोका आहे आणि तो तंबू आणि खोली दोन्हींत सारखाच. बंद जागेत कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर लावून झोपणं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं रिसॉर्टच्या खोलीत हीटर लावून झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा गुदमरून मृत्यू झाला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेत काही कळतही नाही. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक थर चढवा, शेगडी आत आणू नका.

हॉटेलच्या बाबतीत बायकरला विचारावा लागणारा वेगळा प्रश्न म्हणजे गाडी कुठे लावायची? रॅलीच्या दिवसांत "पार्किंग आहे" याचा अर्थ कधी कधी "समोर रस्ता आहे" असा निघतो. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरी झाल्यावर एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी कंपनी दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही चाव्या मागते. तंबूत गाडी हाताच्या अंतरावर असते, हा तंबूचा फायदा मान्य करायला हवा. ओले कपडे वाळवणं, मोबाइल चार्ज करणं, गरम पाण्याने अंघोळ आणि सामान कुलूपबंद ठेवणं, हे फायदे खोलीचे.

महिला रायडर्ससाठी यादी थोडी बदलते. पाणी आणि आतून कडी असलेलं स्वच्छतागृह, रात्रभर चालू राहणारा दिवा आणि जागेवर असणारा जबाबदार माणूस, या तीन गोष्टी कॅम्पसाइटवर आहेत का, हे पैसे भरण्याआधीच विचारलं पाहिजे. उत्तर गोलमोल आलं, तर खोलीच बरी.

तंबूत झोप लागेल का? जमीन आणि हवा काय सांगते?

टेबललँड हे जांभ्या खडकाचं पठार आहे. मसाई पठारावर गेलेल्या कोल्हापूरकराला ते पायाखाली कसं लागतं हे माहीत आहे. अशा जमिनीत तंबूच्या खुंट्या ठोकायला गेलं तर खुंटी वाकते, जमीन नाही. त्यामुळे खुंट्यांशिवाय स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू लागतो, आणि पठारावरच्या वाऱ्यात तो बांधायला पाण्याने भरलेले कॅन किंवा गाडीचा आधार लागतो.

डिसेंबरात पाचगणीला रात्री चांगलीच थंडी पडते आणि पहाटे दव. बाहेरचं कापड नीट ताणलेलं नसेल तर सकाळी आतलं अंथरूण दमट होतं. वागातोरला थंडी कमी, पण समुद्राची दमट हवा आहे. दोन्हीकडे पाठीखालची मॅट ही अंगावरच्या पांघरुणाइतकीच महत्त्वाची, कारण थंडी खालूनही येते.

आवाजाचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. पण लाउडस्पीकर थांबला तरी रॅलीतल्या गाड्यांचे सायलेन्सर थांबतातच असं नाही. कॅम्पमध्ये राहणार असाल तर कानात घालायचे बोळे ही चैन नाही, गरज आहे.

शेवटचे दहा किलोमीटर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रॅलीच्या रात्री सगळ्यात धोक्याची जागा कुठली? तंबू नाही, खोलीही नाही. कार्यक्रमाची जागा आणि अंथरूण यांच्या मधला रस्ता.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आता रॅलीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून घाट चढून-उतरून आलेला रायडर, दिवसभर उन्हात उभा, रात्री गाणी, कदाचित हातात ग्लासही. आणि मग स्वस्त मिळाली म्हणून पंधरा किलोमीटर लांब घेतलेली खोली. रस्ता अनोळखी, अरुंद, अंधाराचा. कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोलिसांनी पकडलं तर ते नशीबच म्हणायचं.

थेंबभरही न घेतलेल्या माणसालाही थकवा सोडत नाही. डोळा लागायला एक सेकंद पुरतो, आणि दुचाकीला तो एक सेकंद माफ होत नाही.

ग्रुपमधला तो तिसरा आठवतो? "रात्रीच परत येऊ" म्हणणारा. त्याचे शेवटचे दहा किलोमीटर नसतात, दोनशे असतात. त्यात आंबोलीचा घाट, धुकं, आणि आजऱ्यापर्यंत कुठेही रस्त्यावर येऊन उभा राहणारा गवा. काळ्या अंगाचा आणि टनभर वजनाचा हा प्राणी हेडलाइटच्या उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसतो. आमच्याही ग्रुपने एकदा हा हट्ट केला होता. घाटाच्या वर टपरीवर चहा घ्यायला थांबलो, तेव्हा एक मित्र हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बाकड्यावर बसल्या बसल्या झोपी गेला. गाडी चालवताना झोपला असता तर, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. उजाडेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. त्यानंतर ग्रुपमध्ये "रात्रीच परत" हा विषय निघालेला नाही.

म्हणून तंबू की हॉटेल हे ठरवायच्या आधी एकच विचारायचं: कार्यक्रम संपल्यावर तिथं चालत जाता येतं का? चालत जाता येणारा तंबू हा लांबच्या तारांकित खोलीपेक्षा चांगला. चालत जाता येणारी साधी खोली ही लांबच्या सुंदर कॅम्पसाइटपेक्षा चांगली.

बाहेर काय करतात? आणि आपल्याकडे काय आहे?

अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या स्टर्जिस या गावाची लोकसंख्या सात हजारांच्या घरात. १९३८ पासून तिथं रॅली भरते आणि आता ऑगस्टमध्ये लाखो रायडर येतात. इतक्या हॉटेलांची सोय होणं शक्यच नाही. त्यामुळे गावाबाहेर मोठी कॅम्पग्राउंड उभी राहिली, त्यातलं बफेलो चिप १९८१ पासून चालू आहे. गावकरी आपल्या अंगणातही तंबूला भाड्याने जागा देतात.

ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून टीटी शर्यत होते. तिथल्या सरकारने शर्यतीच्या दिवसांपुरती होमस्टेची योजना केली आहे, म्हणजे सामान्य घरांना पाहुणे ठेवता येतात. गावोगावचे फुटबॉल क्लब आपली मैदानं कॅम्पिंगला देतात आणि त्या पैशांतून क्लब चालवतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पंढरीच्या वारीत शतकानुशतकं हेच चालत आलंय. दिंडीचा ट्रक पुढे जातो, पालखीतळावर राहुट्या उभ्या राहतात, वारकरी चालत येतो आणि टेकतो. प्रत्येक वारकरी आपला तंबू पाठीवर घेऊन चालत नाही. मुक्कामाची जागा आधी ठरलेली असते, पाणी, दिवे आणि शौचालयांची जबाबदारी कोणाची हेही ठरलेलं असतं. आणि ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी गावातल्या घरांचं दार उघडं असतं.

रॅलीच्या बाबतीत नेमकी हीच कडी सुटते. मंच, साउंड, पार्किंग यांचं नियोजन होतं, मुक्काम मात्र ज्याचा त्याने बघायचा. पाचगणी तर निवासी शाळांचं गाव आहे. शाळा आणि नगरपालिका तयार असतील, तर सुट्टीच्या दिवसांत काही मैदानं, मोजक्या तंबूंसाठी, पठाराला धक्का न लावता, देता येतील का, याचा विचार व्हायला हरकत नाही. राज्याची निवास न्याहारी योजना आहेच. रॅलीला परवानगी देताना "आलेली माणसं रात्री झोपणार कुठे आणि तिथं जाणार कशी" हे प्रशासनाने आयोजकांना विचारलं, तर अर्धा प्रश्न तिथंच सुटेल.

मग नेमकं ठरवायचं कसं?

तंबू घ्या, जर आयोजकांची किंवा परवानाधारकाची कॅम्पसाइट चालण्याच्या अंतरावर असेल, स्वच्छतागृहाची खात्री असेल आणि तंबूत झोपायची सवय असेल. सवय नसेल तर आधी एक रात्र घराच्या गच्चीवर झोपून बघा. हसू नका, पाठ खरं बोलते.

खोली घ्या, जर दुसऱ्या दिवशी लगेच घाटातून परतायचं असेल, ग्रुपमध्ये ज्येष्ठ किंवा नवखे रायडर असतील, किंवा पावसाची शक्यता असेल. भाडं करासह, रद्द केल्यास परतावा किती आणि गाडी गेटच्या आत लागणार का, हे तिन्ही मेसेजवर लिहून घ्या.

दोन्ही लांब असेल, तर कार्यक्रमाच्या जागी गाडी लावून ठेवा आणि मुक्कामी टॅक्सीने जा. चार जणांत विभागलं तर हे भाडं एका जेवणाएवढंही होत नाही.

आणि ग्रुपमध्ये "रात्रीच परत येऊ" असा मेसेज आला, तर त्याला उत्तर म्हणून सकाळी निघायची वेळ टाका. सकाळी सात म्हणजे सात. दुपारच्या जेवणाला, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला, सगळे घरी असतील.